अनवाणी चालण्याचा गुण कशाचा: मातीतल्या विजेचा की पायांचा?

आरोग्याचे व्हिडिओ ज्या घरात बघितले जातात, त्या घरात 'ग्राउंडिंग' किंवा 'अर्थिंग' हा शब्द एव्हाना येऊन गेलेला असतो. सांगणं साधारण असं असतं: रबरी तळव्यांच्या चपला-बुटांनी आपला जमिनीशी संबंध तोडला. जमिनीत इलेक्ट्रॉनचा न संपणारा साठा आहे. अनवाणी उभे राहिलात की ते इलेक्ट्रॉन तळपायातून अंगात चढतात, 'फ्री रॅडिकल' नावाच्या उपद्रवी रेणूंना शांत करतात, मग सूज उतरते, सांधे मोकळे होतात, गाढ झोप लागते. ज्यांच्या वाट्याला अंगण नाही त्यांच्यासाठी चटई आहे, चादर आहे, उशीचा अभ्रासुद्धा आहे. त्याची वायर भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटच्या अर्थच्या भोकात घालायची आणि वर झोपायचं.

मला अनवाणी चालणं मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्या नावावर जे विकलं जातंय त्याचा हिशेब नीट मांडावासा वाटतो. चालण्याचा फायदा खरा आहे, पण त्याचं जे कारण सांगितलं जातं ते खरं नाही. आणि कारण चुकीचं धरलं की माणूस नको तिथे अनवाणी उतरतो आणि नको त्या सॉकेटला अंग जोडतो.

आजच्या या लाटेची सुरुवात अमेरिकेत झाली. क्लिंट ओबर नावाचे गृहस्थ केबल टीव्हीच्या धंद्यात होते. केबलच्या कामात जाळं जमिनीला जोडावंच लागतं, नाहीतर सिग्नलमध्ये खरखर येते. निवृत्तीनंतर, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांना वाटलं की माणसाच्या शरीराचंही तसंच असेल. तिथून प्रयोग, चटया आणि पुढे एक बाजारपेठच उभी राहिली.

आता विजेचा भाग. यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. निरभ्र दिवशी जमिनीजवळच्या हवेत दर मीटर उंचीला सुमारे १०० व्होल्टचा फरक असतो. जमीन ऋणभारित असते, वरचे थर धनभारित असतात, आणि जगभर सतत कुठे ना कुठे कडाडणाऱ्या विजा हा फरक टिकवून धरतात. घरात भिंतींमधून वायरी फिरलेल्या असतात. त्यांच्यामुळे, चपला घालून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर थोडासा विद्युतदाब येतो. मीटर लावला तर तो दिसतो. त्याच माणसाने ओल्या मातीवर पाय ठेवला की काटा जवळजवळ शून्यावर येतो. चटई विकणारे हेच प्रात्यक्षिक दाखवतात आणि त्यात फसवणूक नसते. आकडा खरोखर खाली येतो. प्रश्न एवढाच, की तो खाली आल्याने शरीराच्या आत काय बदलतं?

इथे सोपा गुणाकार-भागाकार करता येतो. तो कुणी करून दाखवत नाही, म्हणून जरा थांबून करू.

माणसाच्या शरीराची विद्युतभार साठवण्याची क्षमता फार थोडी, म्हणजे साधारण १०० पिकोफॅरड असते. समजा नायलॉनचे कपडे घासून तुमच्या अंगावर १००० व्होल्ट चढले आहेत. हिवाळ्यात नागपूरकडच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट होतं, तेव्हा असे आकडे सहज गाठले जातात. आता तुम्ही मातीवर पाय ठेवला. किती इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होईल? सुमारे ६०० अब्ज. आकडा मोठा वाटतो. पण शरीर दिवसभरात जवळपास ३५० लिटर ऑक्सिजन वापरतं, आणि ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूचं पाणी होताना त्याला चार इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. हे इलेक्ट्रॉन येतात भाकरी, भात, डाळ, तेल यांच्यातून. दिवसाचा हा व्यवहार मोजला तर ३५ वर २४ शून्यं इतके इलेक्ट्रॉन होतात. जमिनीकडून आलेल्या भाराच्या हा आकडा सुमारे ६० लाख कोटी पट आहे. जमिनीने दिलेली सगळी शिदोरी आपल्या पेशी सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास संपवतात.

शिवाय ही देवाणघेवाण एकाच दिशेची नसते. घर्षणाने अंगावर कधी धन भार येतो, कधी ऋण. ऋण असेल तर मातीला पाय लागताच इलेक्ट्रॉन शरीरातून जमिनीत जातील. जाहिरातीच्या हिशेबाने मग त्या दिवशी आपली तब्येत बिघडायला हवी.

आणि हा प्रवाह चालू राहत नाही. दोन विहिरी खालून जोडल्या की पाणी एका पातळीला येतं आणि थांबतं, तसंच शरीर आणि जमीन यांचा दाब सारखा झाला की काम संपलं. ओल्या मातीवर याला सेकंदाचा हजारावा भागही पुष्कळ होतो. तासभर उभं राहून तासभर 'चार्जिंग' होत नाही. घरात वायरींमुळे थोडा प्रवाह इकडून तिकडे होत राहतो हे खरं, पण तो सेकंदाला ५० वेळा आत-बाहेर करणारा असतो. त्यातून साठत काहीच नाही.

मग अभ्यासांचं काय? व्हिडिओत 'संशोधनाने सिद्ध' असं असतंच. अभ्यास झाले आहेत, पण ते कसे झाले हे बघायला हवं. २००४ मधला एक बहुचर्चित अभ्यास १२ जणांवर होता. झोप नीट लागत नाही, अंग दुखतं, ताण आहे अशा तक्रारी असलेले हे लोक आठ आठवडे अर्थिंगच्या गादीवर झोपले आणि त्यांच्यातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं गेलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१३ मधल्या रक्ताच्या घट्टपणाच्या अभ्यासात १० जण होते. दोन तास आरामात बसवून आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं. दोन तास शांत बसल्यावर कुणाच्याही शरीरात बदल होतो, तो अर्थिंगचा की बसण्याचा हे अशा पद्धतीने कळत नाही. या विषयावर वारंवार लिहिणाऱ्या संशोधकांपैकी काहींचे आर्थिक संबंध ही उत्पादनं विकणाऱ्या कंपनीशी आहेत आणि तसं त्यांनी आपल्या निबंधांत नमूदही केलं आहे. प्रामाणिकपणे नमूद केलं हे चांगलंच, पण वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवायला हवं.

खरं तर हा विषय तपासायला फार सोपा आहे. अर्ध्या चटयांच्या वायरी आतून तोडून ठेवायच्या, कुणाला कुठली मिळाली हे ना झोपणाऱ्याला सांगायचं ना मोजणाऱ्याला, आणि दोनशे-पाचशे माणसांवर सहा महिने बघायचं. दुसरीही एक वाट आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत सर्किट बोर्ड जोडणाऱ्या कामगारांच्या मनगटाला अर्थचा पट्टा असतो. अंगावरच्या भाराने चिप जळू नये म्हणून. ही माणसं वर्षानुवर्षं अख्खी पाळी जमिनीला जोडलेली असतात. त्यांचे गुडघे आणि त्यांची झोप शेजारच्या विभागातल्या कामगारांपेक्षा बरी आहे का, हे कुणीही पाहणी करून बघू शकतं.

आणि आपल्याकडे कारखान्यापर्यंत जायचीही गरज नाही. आषाढात कोकणात भाताची लावणी चालते तेव्हा बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटरीभर चिखलात उभ्या असतात. याहून जास्त अर्थिंग माणसाचं होऊ शकत नाही. त्यांना संध्याकाळी विचारा कंबर काय म्हणते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसणारी, जेवणारी, झोपणारी आपली आजी-पणजीची पिढी दिवसरात्र जमिनीला जोडलेलीच होती. संधिवात त्यांनाही होता, दमा त्यांनाही होता.

तरीही सकाळी दवाने भिजलेल्या हिरवळीवर दहा मिनिटं चाललं की बरं वाटतं. हे खोटं नाही. याचं कारण विजेत शोधण्यापेक्षा पायात शोधलं तर जास्त सापडतं.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. तळव्याच्या कातडीखाली दाब, ताण, कंप टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांची दाटी असते. खडा टोचला, उतार लागला, माती भुसभुशीत झाली, ही प्रत्येक बातमी तिथून मेंदूकडे जाते आणि घोटा, गुडघा, कंबर त्याप्रमाणे स्वतःला सावरतात. जाड तळव्याच्या बुटात यातली बरीचशी बातमी अडते आणि बोटं एकमेकांना चिकटून नुसती बसून राहतात. अनवाणी चालताना बोटं पसरतात, तळव्यातले बारीक स्नायू कामाला लागतात, पाऊल हळू आणि नीट पडतं. म्हातारपणी तोल सांभाळायला हीच शिदोरी उपयोगी पडते.

यावर आपल्या शेजारच्या कर्नाटकातला एक सुंदर अभ्यास आहे. मणिपालच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सगळ्यात जास्त होतं, साध्या स्लिपरवाल्यांत कमी. पावलाची कमान बालपणी घडते आणि ती घडताना बोटांना मोकळी जागा लागते, असा त्याचा अर्थ. लहान मुलाला घरात आणि स्वच्छ अंगणात अनवाणी हुंदडू द्यावं हे मी बेधडक सांगतो ते यामुळे. इथे १२ माणसं नाहीत, २३०० आहेत, आणि तुलनेला दुसरा गटही आहे.

दुसरं कारण हिरवळीचं. इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असं दिसलं की आठवड्याला निदान १२० मिनिटं झाडापेडांत, मोकळ्या निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त सांगतात. त्यांनी बूट काढले होते का, हे कुणी विचारलं नव्हतं. सकाळचा उजेड, चालणं, हातात फोन नसणं, एवढ्यानेही रात्रीची झोप सुधारते.

मातीच्या उपचारांची परंपरा मात्र चटईवाल्यांपेक्षा पुष्कळ जुनी आहे आणि तिचा एक धागा थेट पुण्याजवळ येतो. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात सेबास्टियन क्नाइप हे धर्मगुरू लोकांना दवावर अनवाणी चालायला सांगत. त्यांच्यानंतर आडॉल्फ जुस्ट यांनी हार्त्सच्या डोंगरात १८९६ च्या सुमारास निसर्गोपचाराचं केंद्र काढलं. तिथे मातीचा लेप, अनवाणी फिरणं, मोकळ्या हवेत झोपणं हा दिनक्रम होता. जुस्ट यांचं लेखन गांधीजींच्या हाती पडलं ते दक्षिण आफ्रिकेत. बद्धकोष्ठासाठी पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधून झोपण्याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला, इतरांवरही केला आणि आत्मकथेत तो नोंदवला. पुढे १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. मणिभाई देसाई तिथे राहिले आणि त्यांनी तो वाढवला. आजही तिथे मातीची पट्टी दिली जाते.

त्या पट्टीचं काम समजायला विजेची गरज पडत नाही. ओली माती पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. कपाळावर, पोटावर, सुजलेल्या घोट्यावर तासभर टिकणारा गारवा मिळतो, आणि तेवढा वेळ माणूस निमूट पडून राहतो. गांधीजींना हा उपचार प्रिय होता कारण तो गरिबाला फुकट मिळतो. त्याच मातीशी नातं जोडायचं म्हणून आज हजारो रुपयांची चादर विकली जाते, हे मला खरंच खुपतं.

कोल्हापूरच्या तालमीतली माती हाताळून बघावी म्हणजे मातीची काळजी कशी घेतात ते कळतं. तांबडी माती चाळून घेतात, खडा उरू देत नाहीत. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती वरचेवर उकरतात. हाताला ती मऊ आणि गार लागते. पैलवान तिच्यात लोळतो, पण ती राखलेली माती असते. रस्त्याकडेची माती, उकिरड्याजवळची माती आणि आखाड्याची माती यांत फरक आहे. 'धरणीमातेचा स्पर्श' असं सरसकट म्हणताना तो पुसला जातो.

अनवाणी चालण्याने माणसं आजारी पडली आहेत आणि पडतात. उघड्यावर शौच होत असलेल्या जमिनीत हुकवर्मच्या अळ्या असतात. त्या पायाच्या बोटांमधल्या कोवळ्या कातडीतून आत शिरतात, आतड्यात जाऊन रक्त पितात आणि बाई-मुलांना पांढरंफटक करतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून आलेले लेप्टोस्पायराचे जंतू असतात. पायाला बारीक चीर असली तरी पुरे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे भोगलं आहे. सतत ओल्या पायांना बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि त्या चिरांतून पुढचे संसर्ग आत येतात. कोकणात तिन्हीसांजेला फुरसं आणि विंचू यांचं भय असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, पण दंश टाळायला पायात काहीतरी घालणं आणि हातात बॅटरी असणं हाच पहिला उपाय. इथिओपियाच्या डोंगराळ भागात तर ज्वालामुखीच्या तांबड्या मातीत आयुष्यभर अनवाणी राबलेल्या शेतकऱ्यांचे पाय हत्तीरोगासारखे सुजतात. तो आजार जंतूंचा नाही, मातीच्या सूक्ष्म कणांचा आहे. त्याला आळा घालणारी गोष्ट म्हणजे बूट आणि रोज पाय धुणं.

सगळ्यात जास्त जपायचं ते मधुमेह्यांनी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की तळव्यांची जाणीव हळूहळू जाते, आणि जाते हे कळत नाही. काच रुतली तरी दुखत नाही. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालून आलेल्या माणसाला घरी आल्यावर पाय धुताना फोड दिसतात. तिथून जखम, तिथून बोट काढण्यापर्यंत गोष्ट जाते. तळव्यातला निरोप मेंदूला पोचतो म्हणून अनवाणी चालण्यात गुण आहे. निरोपच पोचत नसेल तर त्यात फक्त धोका उरतो. डॉक्टरकडे नायलॉनचा एक बारीक धागा असतो. तो तळव्याला टेकवून दोन मिनिटांत जाणीव तपासता येते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ती तपासणी मागून घ्यावी आणि मगच हिरवळीवर चप्पल काढायची की नाही ते ठरवावं.

आणि शेवटी पुन्हा वीज, कारण चटईच्या जाहिरातीत जमिनीशी जोडलेलं शरीर म्हणजे सुरक्षित शरीर असं सुचवलेलं असतं. विजेचं काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो याच्या नेमकं उलट सांगेल. झटका बसायला प्रवाहाला शरीरातून जमिनीकडे वाट लागते. रात्री शेतात मोटार सुरू करायला गेलेला शेतकरी चिखलात अनवाणी उभा राहून फुटक्या स्टार्टरला हात लावतो, तेव्हा तीच वाट त्याचा जीव घेते. कोरड्या कातडीचा रोध लाखभर ओहम असू शकतो, ओल्या अंगाचा हजारापर्यंत उतरतो. २३० व्होल्टला हजार ओहम म्हणजे जवळपास पाव अँपिअर, आणि हृदय बंद पाडायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. कोरडी रबरी चप्पल तिथे आयुष्य वाचवते.

आकाशातल्या विजेचंही तसंच. वीज जमिनीवर पडली की तिथून चहूकडे दाब पसरतो आणि दोन पावलांमध्ये फरक पडतो. जितकं पाऊल लांब तितका फरक मोठा. पुढचे-मागचे पाय दूर असलेली गुरं म्हणूनच झाडाखाली एकदम मरतात. मराठवाड्यात आणि विदर्भात वळवाच्या दिवसांत हे दरवर्षी घडतं. गडगडाट ऐकू आला की अनवाणी चालण्याचा कार्यक्रम थांबवून पक्क्या घरात जावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देतं, शेतात जाणाऱ्याने ते फोनवर ठेवावं.

आता चटई. थ्री-पिनच्या वरच्या जाड भोकातून निघालेली हिरवी वायर इमारतीच्या खाली एका खड्ड्यात गेलेली असते. त्या खड्ड्यात पत्रा किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि माती ओली राहावी म्हणून उन्हाळ्यात वरून पाणी घालायचं असतं. किती सोसायट्यांत कुणी ते घालतं? जुन्या चाळींत, वाड्यांत तर ते भोक कित्येकदा कशालाच जोडलेलं नसतं, किंवा कुणीतरी ते न्यूट्रलला, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या वायरीला, जोडून मोकळं झालेलं असतं. अशा घरात गीझरमध्ये किंवा फ्रिजमध्ये बिघाड झाला की अर्थच्या वायरवरच दाब येतो, आणि ती वायर तुमच्या चादरीला जोडलेली असते. चांगल्या चटईच्या वायरीत मोठा रेझिस्टर घातलेला असतो, तो प्रवाह अडवतो. स्वस्तातल्या चटईत तो आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

चटई आधीच घेतली असेल तर ती सॉकेटमधून काढा. इलेक्ट्रिशियन बोलावून त्याला घराच्या अर्थिंगचा रोध मोजायला सांगा आणि मीटरच्या डब्यात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारी कळ, आहे का ते बघा. नसेल तर बसवून घ्या. असेल तर तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. दाबल्याबरोबर घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही तर आरसीसीबी निकामी आहे, ती त्याच दिवशी बदला.